शाळेतल्या जुन्या संगणकांवर लिनक्स : एक पावसाळा आणि एक परीक्षा काढल्यानंतरचा अनुभव

जिल्हा परिषदेच्या शाळेत जुने संगणक धूळ खात पडले असतील तर त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकाच, असं मी आता खात्रीने सांगू शकते. फक्त प्रिंटर, जुन्या मराठी फाइली आणि ऑफिसचं कामकाज या तिन्हींची सोय आधी लावा, नाहीतर पहिल्याच महिन्यात सगळे तुमच्यावर वैतागतील.

आमची शाळा पहिली ते सातवीची, दापोली तालुक्यातल्या किनारपट्टीच्या गावात. संगणक मुंबईच्या चाकरमान्यांनी गणपतीला येताना आणून दिलेले. बहुतेक कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरचे, २ जीबी रॅमचे. दोन जरा नवे, आय-थ्री. त्यांवर कुणीतरी टाकून दिलेली विंडोज ७ होती, परवान्याचा पत्ता नाही. तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलेला. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची सोय या मशीनमध्ये नाही. म्हणजे एकतर नवे संगणक घ्यायचे, नाहीतर आहेत ते भंगारात द्यायचे. नवे घ्यायला पैसे कुठून आणणार?

शाळा व्यवस्थापन समितीने एसएसडी (वेगवान डिस्क) आणि जास्तीच्या रॅमपुरते पैसे मंजूर केले. रॅम ४ जीबी झाली, मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. जे संगणक सुरू होईपर्यंत तास निम्मा सरायचा, ते आता मुलं खुर्च्या ओढून बसेपर्यंत तयार असतात. वेगाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. फरक पडतो हे खरं, पण त्यातला मोठा वाटा एसएसडीचा आहे.

खरी कमाई मराठीत झाली. मिंटचा मेनू मराठी करता येतो, लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं मोफत सॉफ्टवेअर) हेही मराठीत चालतं, आणि थेट देवनागरी टाइप करायचा मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन निवडला की झालं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. पाचवीच्या मुलांना मी पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्टच शिकवलं. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय मुद्दाम लावली नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, एवढं कळलं की मुलं भराभर पुढे जातात. सहावीतली एक मुलगी मासळीच्या लिलावावर निबंध टाइप करत होती आणि ‘किनाऱ्यावर’ या शब्दाशी अडली. रफार येत होता, तिला हवा होता तो आडवा अर्धा र येईना. शिफ्ट धरून जे दाबला की नुक्त्याचा ऱ येतो, मग डी वर हलन्त, मग य. दोनदा करून दाखवलं. नंतर तिने स्वतःहून ‘वाऱ्याने’, ‘होड्या’, ‘खाऱ्या’ असे शब्द लिहून पाहिले आणि शेजारच्याला सांगितलं, “होड्यात तो ऱ नाही हां, तिथे नुसता ड अर्धा.” शुद्धलेखनाच्या तासाला हे इतक्या सहज झालं नव्हतं.

अडचण आली ती आम्हा शिक्षकांना. जुन्या पद्धतीने टाइप करणाऱ्यांचं बोट ऱ्हस्व वेलांटीवर आधी जातं आणि अक्षरावर नंतर, युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) उलटं. शिवाय शाळेच्या कित्येक वर्षांच्या फाइली जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होत्या. त्या उघडल्या की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. कन्व्हर्टरने बदलून घेतल्या, पण जोडाक्षरं कुठे कुठे तुटतात, त्यामुळे प्रत्येक फाइल नजरेखालून घालावी लागली. दाखल्यांचे नमुने, ठरावांच्या प्रती, स्नेहसंमेलनाची पत्रं, सगळं. हे काम वेळखाऊ आहे, पण कधीतरी करावंच लागणार होतं. आता त्या फाइली कुठल्याही फोनवर उघडतात.

निकालाच्या एक्सेल फाइली हे दुसरं दुखणं. आकारिक-संकलित मूल्यमापनाच्या नोंदींसाठी शिक्षकांमध्ये ज्या तयार फाइली फिरतात, त्यांत मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असतात आणि ते लिब्रेऑफिसमध्ये अनेकदा चालत नाहीत. साधी सूत्रं व्यवस्थित चालतात. मी साध्या सूत्रांवरच निकालपत्रक नव्याने बांधलं. ऑफिसचा प्रिंटर मात्र लिनक्सवर शेवटपर्यंत नीट चालला नाही आणि डिजिटल सहीचंही जमलं नाही, म्हणून मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा संगणक आम्ही विंडोजवरच ठेवला. यात हार मानण्यासारखं काही नाही. मुलांचे संगणक मुलांसाठी मोकळे राहिले, हेच मला महत्त्वाचं वाटतं.

लहान मुलांसाठी जीकॉम्प्री हा खेळांचा संच आणि चित्रं काढायला टक्स पेंट. जीकॉम्प्रीत शंभराहून जास्त उपक्रम आहेत; पहिली-दुसरीची मुलं माउस धरायला त्यातच शिकली. पाचवीच्या पुढे पीएचइटीची सिम्युलेशन्स (पडद्यावर करून बघायचे विज्ञान-गणिताचे प्रयोग) उत्तम. कोलोरॅडो विद्यापीठाच्या या प्रकल्पातली बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि उतरवून ठेवली की इंटरनेटशिवाय चालतात. आमच्याकडे पावसात रेंज जाते ती कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही, त्यामुळे ऑफलाइन चालतं का, हा माझा पहिला प्रश्न असतो. मराठी विकिपीडियाही किविक्स या ऑफलाइन वाचायच्या प्रोग्राममध्ये उतरवून ठेवला आहे.

पण सगळ्यांत रंगला तो स्टेलॅरियमचा, म्हणजे पडद्यावर आकाश दाखवणाऱ्या प्रोग्रामचा तास. जूनमध्ये आकाश दिसत नाही आणि घरोघरी बोलणं मृग नक्षत्राचं. मुलांना मृग म्हणजे पेरणी एवढं ठाऊक. मी ठिकाण दापोली ठेवलं, तारीख ८ जून, वेळ भर दुपारची, आणि ए दाबून वातावरण काढून टाकलं. निळं आकाश गेलं, तारे आले आणि सूर्य मृगाच्या डोक्याच्या वरच्या अंगाला उभा! सूर्य त्या नक्षत्रात आला म्हणून मृग लागला, हे सांगायची गरजच उरली नाही. मग एकेक दिवस पुढे सरकवत आर्द्रा कधी लागतात ते मुलांनीच शोधलं. घरी आजोबांना विचारून दुसऱ्या दिवशी पुनर्वसू, पुष्य अशी यादी घेऊन आली. एक लक्षात ठेवा : जुन्या ग्राफिक्सच्या मशीनवर स्टेलॅरियम चालत नाही. आमच्याकडे ते दोन आय-थ्रींवरच चालतं, त्यामुळे गट पाडावे लागतात.

पावसाळ्याबद्दल. खाऱ्या दमट हवेने रॅमच्या पट्ट्यांवर थर चढतो आणि संगणक नुसता बीप देतो. पट्टी काढून खोडरबराने हलकेच घासली की बहुतेक वेळा सुरू होतो. विजा कडाडायला लागल्या की सगळे प्लग काढायचे, हा नियम मुलांनाही पाठ आहे. लाईट अचानक गेल्यावर एखादा संगणक काळ्या पडद्यावर अडकतो, तेव्हा डिस्क तपासून दुरुस्त करणारी एफएससीके ही आज्ञा हाताने द्यावी लागते. पहिल्यांदा पाहताना भीती वाटते, म्हणून नेमकं काय टाइप करायचं ते मराठीत लिहून भिंतीवर चिकटवलं आहे. मदरबोर्डचा छोटा सेल संपला असेल तर तारीख मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित सांगतो. तिथे आधी घड्याळ बघा. टाइमशिफ्ट या प्रोग्रामने चांगल्या स्थितीची प्रत घेऊन ठेवली की सेटिंग बिघडलं तरी मागे जाता येतं.

“फुकटचं ते टिकणार किती?” असं केंद्रातले (आसपासच्या शाळांच्या गटातले) काही सहकारी म्हणाले. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की जे दीक्षा उघडतं, तेही सनबर्ड या ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या मंचावर उभं आहे. केरळातल्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच चालतात. शिकायला कुणी नाही, ही सबबही चालणार नाही : आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत, छोटे छोटे, समोर थांबवत थांबवत करून बघण्यासारखे.

मला विचाराल तर पैसे वाचले हा फायदा दुय्यम आहे. सॉफ्टवेअरच्या प्रती काढून वाटायची राजरोस मुभा आहे, हा मोठा. सातवीतल्या एका मुलाच्या वडिलांनी जुना लॅपटॉप आणला, त्यावर शाळेत आहे तेच सगळं मी टाकून दिलं. शेजारच्या दोन शाळांना दिलं. कुणाची परवानगी नको, चोरी नको, मुलांसमोर काही लपवणं नको. शाळेत चोरीचं सॉफ्टवेअर वापरून मूल्यशिक्षणाचा तास घेणं मला कायम खटकत आलं होतं.

आता एकच मोठी काळजी आहे, ती बदलीची. शिक्षकाची बदली झाली की संगणक खोली पुन्हा कुलपात जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यासाठी पासवर्ड, दुरुस्ती, कुठली फाइल कुठे आहे, हे सगळं एका वहीत लिहून वही मुख्याध्यापकांच्या ताब्यात दिली आहे, आणि सातवीची मुलं दर शनिवारी सहावीच्या मुलांना इन्स्टॉल करायला शिकवतात. आपल्या केंद्रातल्या ज्यांना हवं असेल त्यांनी पुढच्या शिक्षण परिषदेला येताना ८ जीबीचा पेन ड्राइव्ह रिकामा करून आणावा. संगणक ३२-बिट (फार जुन्या प्रोसेसरचा) असेल तर ते आधी सांगा, कारण त्यावर मिंटची २२ वी आवृत्ती चालणार नाही, वेगळं काहीतरी द्यावं लागेल. आणि इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच संगणक सुरू करून तुमचा प्रिंटर छापतो का ते पाहा.