शेडनेटसाठी पाऊण इंची व्हेंचुरी: घ्यावी का?

जालना भागात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन करणाऱ्यांना खत ड्रीपमधूनच द्यावं लागतं. दहा गुंठ्यांच्या शेडला प्लास्टिकची पाऊण इंची व्हेंचुरी (बादलीतलं खताचं द्रावण नळीने ओढून ड्रीपच्या पाण्यात मिसळणारं साधन) पुरते. हलणारा भाग नाही, वीज लागत नाही, किंमतही खताच्या टाकीपेक्षा कमी.

पण ती चालते दाबाच्या फरकावर. मेन लाइनवर बॉल व्हॉल्व्ह, त्याला वळसा घालून व्हेंचुरी, आणि हे सगळं डिस्क फिल्टरच्या आधी, म्हणजे न विरघळलेले खडे ड्रीपरपर्यंत जात नाहीत. व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत न्या. नळीत द्रावण चढताना दिसलं की थांबा. व्होल्टेज पडलं की मोटारीचा दाब उतरतो आणि ओढणं बंद. आपल्याकडच्या लाइटीचा हाच खरा अडथळा! दुसरी कटकट नळीतल्या छोट्या नॉन-रिटर्नची (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची): त्यात कचरा अडकला की पाणी उलटं बादलीत येतं आणि खत बांधावर सांडतं. जोडणीत फट असेल तर नुसती हवा ओढते. टेफ्लॉन टेप गुंडाळताना कंजुषी नको.

कॅल्शियम नायट्रेट हे 12:61:0 (स्फुरदाचं विद्राव्य खत) किंवा 0:0:50 (सल्फेट ऑफ पोटॅश) सोबत एका बादलीत कालवू नका, पांढरा साका बसून ड्रीपर चोंदतात. दोन्ही वेगळ्या दिवशी सोडा. खत संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं साधं पाणी चालवा.

एकरभर शेड असेल तर मात्र इंजेक्शन पंपच बघा. व्हेंचुरी विकत घेताना दुकानदाराला सुटी नॉन-रिटर्न आणि नळीच्या तळाची जाळी मिळते का, ते आधी विचारा.