जर्मनच्या वर्गासाठी जिगसॉ, डिक्टोग्लॉस की रोल प्ले?

सांगलीतल्या एखाद्या जर्मन वर्गाचं उदाहरण घेऊ: जड बाकं, साठ मिनिटांचा तास, ए-वन म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची २४ मुलं. इथे सुरुवात डिक्टोग्लॉसने, म्हणजे ऐकलेला मजकूर गटाने पुन्हा लिहून काढण्याने करावी, हे आमचं स्पष्ट मत.

पाच सोपी वाक्यं घ्या, सगळी मिळून पन्नासेक शब्दांची. पहिल्यांदा वाचताना पेनं खाली. दुसऱ्यांदा फक्त महत्त्वाचे शब्द टिपायचे. मग तिघा-तिघांनी १५ मिनिटांत मजकूर पुन्हा उभा करायचा आणि फळ्यावर मूळ मजकुराशी ताडून पाहायचा. खरी कमाई इथेच होते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून मुलं हमखास ‘मॉर्गन इश मिट देम बुस फारे’ (उद्या मी बसने जातो) लिहितात. ‘मॉर्गन फारे इश’ का, यावर गटात वाद झाला की क्रियापद दुसऱ्या जागी येण्याचा नियम पक्का बसतो. ‘देन’ की ‘देम’ (विभक्तीनुसार बदलणारी उपपदं) हे कानाला नीट कळत नाही, तेव्हा व्याकरणच आठवावं लागतं. फसतं कुठे? शिक्षक थांबत थांबत वाचतात आणि त्याचं श्रुतलेखन होतं. वाचन नेहमीच्या वेगानेच हवं. हुशार मूल एकटंच लिहीत असेल, तर पेन दुसऱ्याच्या हाती द्या.

जिगसॉ, म्हणजे प्रत्येकाने मजकुराचा एक भाग शिकून इतरांना सांगणं. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांतला वांशिक तणाव कमी करण्यासाठी आणली, परभाषेसाठी नव्हे. २४ मुलांचे चौघांचे सहा गट, मजकुराचे चार भाग. एकाच भागाची सहा जणं आधी एकत्र बसतात, मग आपापल्या गटात परतून तो भाग सांगतात. म्हणजे दोनदा जागा बदलायच्या. जड बाकांत वेळ त्यातच जातो. शब्द अपुरे पडले की मुलं मराठीत सांगून मोकळी होतात, आणि एक जण गैरहजर असला की त्या गटाचा एक भागच गायब. ए-टू या पुढच्या पातळीनंतर, ९० मिनिटं असतील तरच घ्या.

रोल प्ले, म्हणजे भूमिका घेऊन बोलणं, सांगलीकरांना परका वाटू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ हे नाटक इथेच रंगवलं. पण संवाद पाठ करून म्हणणं म्हणजे बोलणं नव्हे. दोघांना वेगवेगळी कार्डं द्या: गिऱ्हाइकाला दोन किलो बेदाणे हवेत, खिशात मोजके पैसे, दुकानदाराला भाव माहीत, पण माल दीडच किलो. ‘वास कोस्टेट आइन किलो?’ (एक किलो कितीला?) विचारल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही. मध्ये टोकू नका. तीनच चुका टिपून शेवटी फळ्यावर घ्या, कुणाचंही नाव न घेता.