मिडियम ग्रिपचं एअर पिस्तूल आणि माझा लहान हात: एक पावसाळा वापरल्यानंतर

बॅरल, सिलिंडर, वजन यावर लिहीत नाही, ते सगळ्यांना माहितेय आणि त्यात तक्रारही नाही. मला ग्रिपबद्दलच, म्हणजे पिस्तुलाच्या लाकडी मुठीबद्दलच बोलायचंय, कारण डीलरने परवा परत तेच ऐकवलं, "वापरत रहा मॅडम, हात बसेल." अहो, एवढे पैसे मोजून हातानेच लाकडाशी जुळवून घ्यायचं?

स्मॉल साइज स्टॉकला नाही म्हणून मिडियम पाठवली, खालचा पाम शेल्फ (तळहाताखालची सरकणारी फळी) वर घेतला की झालं म्हणे. नाही होत! शेल्फने तळहात खालून धरला जातो, पण अंगठ्याच्या बेचक्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर तसूभर कमी होत नाही. मग बोटाचं नुसतं टोक पोचतं, ते सरळ मागे यायच्या ऐवजी तिरकं ढकलतं आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचा पेलेट डावीकडे जातो. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमीचं, तिथे एवढंसं ढकललेलंही महागात पडतं.

आधी मला ट्रिगरच जड वाटायचा. स्पर्धेच्या नियमातलं 500 ग्रॅमचं टेस्ट वजन लावून बघितलं तर अगदी बरोबर. तेव्हा ट्रिगरबद्दलचं मत बदललंय, उलट फार सुंदर आहे, फर्स्ट स्टेज, म्हणजे सुरुवातीची हलकी ओढ, कुठे संपते ते बोटाला स्वच्छ कळतं. ॲलन कीने ट्रिगरचं ब्लेड (बोट टेकतं ती पट्टी) पार मागे घेतलं, पोच सुधारली, पण बोट ग्रिपच्या कडेला घासायचं ते घासतच राहिलं.

शेवटी नुसती ग्रिप काढून सावंतवाडीत चितारआळीतल्या ओळखीच्या काकांकडे नेली, ते लाकडी खेळणी करतात. त्यांनी हाताला खडूची पूड लावून ग्रिप धरायला लावली, पूड दाट उठली तिथे बोट टेकवून म्हणाले, "हंयसर लागता ना, मगे हंयचाच लाकूड काढूक व्हया." बेचक्यातला फुगवटा आणि बोटाखालची कड कानशीने जरा जरा उतरवली, दर वेळी परत धरून बघायचं, मग पॉलिश पेपर. तळहाताच्या पोकळीत एम-सील भरलं. मनगटाकडे काही वाढवू नका हे मीच सांगितलं, नियमाप्रमाणे मनगट मोकळं लागतं. आता बोटाचं पहिलं पेर ब्लेडवर सपाट बसतं आणि पेलेटांचा ग्रुप मधे आलाय, इतकं बरं वाटतं काय सांगू!

आता डीलर म्हणतो कानस मारली म्हणून ग्रिपची वॉरंटी गेली. जाऊदे. पण ऑर्डर घेताना बेचक्यापासून पहिल्या पेरापर्यंतचं माप विचारायला काय जातं, एक टेप लागते फक्त. कुडाळ-वेंगुर्ल्यातून कोणी मुलीसाठी घेणार असेल तर हे माप आधी पाठवा आणि स्मॉल आलीय याचा फोटो बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.