जुना डेस्कटॉप, विंडोज 10 आणि ईएसयू: काही महिने वापरल्यावर

आमच्या घरचा डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या इंटेल आय-थ्री प्रोसेसरचा आहे. रॅम वाढवली, एसएसडी बसवली, त्यामुळे वेगाची तक्रार नाही. पण विंडोज 11 ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे तो रस्ता बंद. अट चुकवून 11 टाकून देणारे दुकानदार गल्लोगल्ली सापडतात, पण अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कॉम्प्युटरवर आई बँक उघडते आणि सातबारा काढते, तिथे हा जुगार नको वाटला. म्हणून 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपल्यावरही तेच ठेवलं आणि ईएसयू, म्हणजे सुरक्षेची वाढीव अपडेट्स, घेतली.

घेणं सोपं आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' दिसतं. 30 डॉलर भरा, मायक्रोसॉफ्टचे 1000 रिवॉर्ड्स पॉइंट द्या, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप चालू करा आणि फुकट घ्या. मी फुकटचं घेतलं. मायक्रोसॉफ्टचं खातं तिन्ही प्रकारांत लागतं, लोकल अकाउंटवाल्यांनी (म्हणजे फक्त त्या मशीनपुरतं खातं असणाऱ्यांनी) कुरकुर करायची ती इथेच. लिंक दिसतच नसेल तर आधी विंडोज 10 चं शेवटचं व्हर्जन, 22एच2, आहे का ते बघा. मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. नवीन काहीही मिळत नाही, आणि मला तर हेच आवडलं. स्टार्ट मेनू रोज सकाळी वेगळा दिसत नाही.

अपडेट्स येतात महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, म्हणून बुधवारी सकाळी चहा ठेवला की मी मशीन चालू करतो. लाईटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरवर लावा. अपडेट बसत असताना वीज गेली की पुढचा अख्खा दिवस गेला म्हणून समजा.

डोकं खाल्लं ते घड्याळाने. अपडेट उतरेना, बँकेची साइट 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' म्हणून अडवू लागली, आणि मोबाईलवर तीच साइट व्यवस्थित उघडत होती. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं: व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहिली तर मशीन कित्येक वर्षं मागे गेलेलं! मदरबोर्डवरचा सेल संपला होता. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय, त्यामुळे वीज तुटली की घड्याळ मूळपदावर. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरच्या लेखी ती तारीख अजून उजाडलेलीच नसते, मग तो दार उघडत नाही. अपडेटच्या सर्व्हरशीही तसंच.

सीआर 2032 नावाचा नाण्याएवढा सेल घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. केबल काढायची, कॅबिनेटची बाजू उघडायची, क्लिप नखाने दाबली की जुना सेल टुणकन वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, तारीख-वेळ घातली, विंडोजमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं आणि अडकलेली अपडेट्स त्याच संध्याकाळी बसली. फॉरमॅटच्या पैशांत असे कितीतरी सेल आले असते.

बाकीची दुखणी किरकोळ. सी ड्राइव्ह भरला होता, तो डिस्क क्लीनअपमधलं 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' चालवल्यावर हलका झाला. कधीकाळी बसवलेलं, मुदत संपलेलं एक अँटीव्हायरस होतं. दुसरं अँटीव्हायरस असलं की विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस, म्हणजे डिफेंडर, आपणहून बाजूला सरतं, म्हणून ते त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापरून मुळापासून काढलं. कंट्रोल पॅनलमधून काढलं तर अवशेष राहू शकतात.

सिक्युरिटीच्या सेटिंग्जबद्दल माझं मत: दिसेल ते बटण चालू करू नका. 'मेमरी इंटिग्रिटी' (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारी) चांगली सोय आहे, पण सातव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये तिच्यासाठी लागणारा हार्डवेअरचा आधार नाही. सगळा भार सॉफ्टवेअरवर पडतो आणि मशीन जड होतं. मी ती बंद ठेवली आहे. 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' मात्र चालू केलं. अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये ढवळाढवळ करता येत नाही. सुरुवातीला स्कॅनरचा प्रोग्रॅमही त्यात अडला, त्याला परवानगीच्या यादीत टाकलं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते आईचं स्टँडर्ड अकाउंट. ॲडमिनचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड माझ्याकडे. 'केवायसी अपडेट करायचं आहे, हे ॲप डाऊनलोड करा' असा फोन तिला आलाच. तिने फोन ठेवला, पण ठेवला नसता तरी बरेचसे प्रोग्रॅम पासवर्डविना बसले नसते. काही प्रोग्रॅम न बसवताही चालतात, म्हणून 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवला आहे.

मुदत संपल्यावर याच मशीनवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम टाकायचा विचार आहे. पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं: वायफाय लगेच लागलं, मराठी टायपिंगही जमलं. स्कॅनर अजून लावून बघितलेला नाही.