कॅडमियम असलेल्या वाफ्यात गाजर-बीट: चुना घालावा की कंपोस्ट?

दोन्हींपैकी कशानेही कॅडमियम हा विषारी जड धातू मातीतून जात नाही. मुळांच्या हाती ते कमी लागतं, इतकंच.

चुना सामूवर, म्हणजे मातीच्या आम्ल-विम्लपणाच्या मापावर (pH), काम करतो. सामू 5.5 च्या आसपास असेल तर कॅडमियम मातीतल्या पाण्यात सहज उतरतं, 6.5 ते 7 झाला की मातीच्या कणांना बरंच धरून राहतं. सामू एकाने वाढवायला रेताड जमिनीत चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम चुनखडीची भुकटी लागते, भारी जमिनीत 400 ते 500. पेरणीच्या दोन-तीन महिने आधी ती निम्मी उभी, निम्मी आडवी पसरून 20 सेंमी खोल मिसळावी. भुकटी आपणहून खाली उतरत नाही. नुसतं वरवर खुरपलं तर गाजराचं टोक आम्ल थरातच वाढतं. विरलेला चुना लवकर लागू पडतो, पण कोवळी रोपं भाजतो आणि शेणखताबरोबर पडला की नत्र अमोनिया होऊन उडतो.

कंपोस्टचा 5 सेंमी थर, म्हणजे चौरस मीटरला 50 लिटर, तेवढ्याच खोलीपर्यंत मिसळतात. त्यातले सेंद्रिय पदार्थ कॅडमियम आणि शिसे दोन्ही बांधतात. शिशाच्या बाबतीत आणखी एक फायदा आहे. ते बरंचसं सालीला चिकटलेल्या मातीतूनच पोटात जातं. भुसभुशीत वाफ्यात गाजर सरळ येतं, फाटे कमी फुटतात, त्यामुळे ते स्वच्छ धुता आणि सोलता येतं.

मला खटकतं ते कंपोस्टचं मोजमाप. ते कुजत जातं तशी त्याची पकड सैल होते, आणि किती सैल झाली हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. शिवाय शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमधून धातूच आत येऊ शकतात, म्हणून प्रत्येक नवा ढीग तपासावा लागतो. सामूचं तसं नाही. एक भाग मातीत अडीच भाग डिस्टिल्ड पाणी ढवळायचं, अर्धा तास ठेवायचं आणि मीटर बुडवायचा. चुना पुन्हा कधी घालायचा हे त्यावरून ठरतं. माती आम्ल असेल तर माझा कल चुन्याकडेच.

अर्थात सामू आधीच 7 च्या वर असेल तर कंपोस्टच बरं. जादा चुन्याने जस्ताची कमतरता होते आणि जस्त कमी पडलं की पीक कॅडमियम जास्त ओढतं. मातीत आर्सेनिक असेल तर चुन्याने ते उलट मोकळं होऊ शकतं. बटाट्यालाही सामू वाढवणं मानवत नाही, सालीवर स्कॅब (खपली रोग) येतो.

यापैकी काहीही निवडलं तरी म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) टाळून सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, आणि खारं पाणी देऊ नका. क्लोराइड कॅडमियमला पुन्हा पाण्यात उतरवतं, मग सामू कितीही नीट राखलेला असो. पहिल्या काढणीची चार-पाच गाजरं सोलून प्रयोगशाळेत द्या. कंदमुळांसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) कॅडमियमची मर्यादा ताज्या वजनावर किलोला 0.1 मिलिग्रॅम आहे.