ग्रास कटरची ४ मिमीची चौकोनी दोरी : कुंद्याच्या चिवट गवतालाही पुरते

वरुडकडं आमचा संत्र्याचा बगीचा. चाकाच्या, ढकलत न्यायच्या ग्रास कटरला मागच्या पावसाळ्यात दुकानदारानं पात्याच्या जागी फिरून गवत कापणारी २.४ मिमीची गोल दोरी दिली. "सगळ्या मशीनले हेच चालते," म्हणे. कुठची चालते! ती खांद्यावरच्या लहान मशीनची. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कुंद्यात दर दहा मिनिटांनी तुटायची.

यंदा पुस्तिका वाचून ४ मिमीची चौकोनी नायलॉन दोरी आणली. आवाज जास्त, पण गाजरगवताची जून खोडंही कडांनी कापते. बंडल उन्हाळाभर टिनाच्या कोठ्यात पडलं होतं, म्हणून पहिले तुकडे काडीसारखे मोडले. नायलॉनमधली ओल उडते ना! रात्रभर बादलीत भिजवले, मग नरम आले.

बदलायला पाच मिनिटं. आधी इंजिनच्या स्पार्क प्लगची टोपी काढायची, मग जुन्याच्या मापाचा तुकडा दुमडून मशीनच्या फिरत्या डोक्यातल्या खुंट्यांत अडकवायचा, दोन्ही टोकं सारखी. लांब ठेवली की इंजिन दमते.

झाडाच्या बुडाशी मात्र नेऊ नका. साल सोलली की तिथूनच डिंक्या रोग शिरतो. तिथं आमच्या मायचा विळाच बरा.