बिल तेच, खातं दुसरं: पीडीएफमधली एक तारीख आणि गेलेले ४,७२,५९० रुपये

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीचे ४,७२,५९० रुपये पिग आयर्नच्या एका बिलापोटी भलत्याच खात्यात गेले. प्रकार ठाऊक नाही असा कुणी नसेल: सप्लायरचा मेल हॅक होतो, बिल मध्येच अडवतात, खाते क्रमांक बदलून पुढे पाठवतात. पण मेल सप्लायरच्या खऱ्या पत्त्यावरून आला होता. जीएसटी नंबर बरोबर, वजन काट्याच्या पावतीशी जुळणारं, रक्कम रुपयाला रुपया. असं बिल कुठलाही अकाउंटंट पास करेल. बेसावध म्हणणाऱ्यांनी आधी ते बिल बघावं.

खोट फाईलच्या आत होती. पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून कंट्रोल आणि डी दाबलं की डॉक्युमेंट प्रॉपर्टीज येतात. क्रिएटेडपुढे बिलाचीच तारीख, दुपारी १२ वाजून ८ मिनिटं. मॉडिफाइडपुढे दोन दिवसांनंतरची, मध्यरात्री १ वाजून ४६ मिनिटं. काढून झालेल्या बिलात एवढ्या रात्री कोण काय दुरुस्त करतं? फाँट्सच्या टॅबवर तर सरळ चोरीच दिसत होती. त्याच सप्लायरच्या जुन्या बिलांत दोन फाँट, यात तिसरा घुसलेला. तो कुठे वापरलाय हे टॅब सांगत नाही, पण पान ४०० टक्के मोठं केलं की खाते क्रमांकातला ८ वरच्या जीएसटी नंबरातल्या ८ पेक्षा जाड आणि रुंद दिसतो.

दहा सेकंदांचं काम, पैसे सोडायच्या आधी! फाईलवर राइट क्लिक करून विंडोजच्या प्रॉपर्टीज बघितल्या होत्या, हे जास्त जिव्हारी लागतं. तिथल्या क्रिएटेड-मॉडिफाइडच्या तारखा डाउनलोड केलेल्या फाईलच्या बाबतीत बहुतेक वेळा ती आपल्या मशीनवर उतरल्याच्या असतात. बिल कधी बनलं, कधी बदललं, याची नोंद पीडीएफच्या आत असते.

हे तपास करणाऱ्यांनाच माहीत नव्हतं. “फाईल तर तुमच्याच कॉम्प्युटरवर तयार झालीय,” असं आम्हालाच सुनावलं. अहो, उतरवलेली प्रत्येक फाईल तसंच दाखवते! त्याच खिडकीत, जनरल टॅबच्या तळाशी ‘अनब्लॉक’चा चौकोन होता. फाईल बाहेरून आल्याची ती विंडोजनं स्वतः ठेवलेली खूण. तर म्हणाले, पेन ड्राइव्हवर घालून आणा. ही खूण एनटीएफएसवरच, म्हणजे विंडोजच्या हार्ड डिस्कच्या नेहमीच्या फॉरमॅटवरच टिकते. पेन ड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी३२ किंवा एक्सफॅट असेल तर कॉपी होतानाच जाते. तशीच ती गेली, आणि संशय पुन्हा आमच्यावर. बँकेनं प्रिंट मागितली. कागदावर मॉडिफाइडची वेळ उमटते का? मग खातं दुसऱ्या जिल्ह्यातलं म्हणून हद्दीचा वाद, साहेब बैठकीत, अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. होल्ड लागला तेव्हा त्या खात्यात ४१,२०० रुपये उरले होते. आमचे पैसे, आणि हेलपाटेही आम्हीच घालायचे.

तेव्हा कुणाचं असं झालं तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, अर्ज नंतर लिहा. मूळ मेल फॉरवर्ड करू नका, ईएमएल फाईल म्हणून उतरवून ठेवा. मेल कुठून कसा आला याची नोंद, म्हणजे हेडर, त्यातच राहतात. पीडीएफ पुन्हा सेव्ह करू नका. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाईलहॅश (Get-FileHash) लिहून, एक जागा सोडून फाईल आत ओढा आणि एंटर दाबा. मिळालेली एसएचए२५६ हॅश, म्हणजे फाईलचा अंक-अक्षरांतला ठसा, लिहून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश भरावी लागते.

बिल तपासताना डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमधली ‘पीडीएफ प्रोड्युसर’ची ओळ, म्हणजे पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव, त्याच सप्लायरच्या जुन्या बिलांशी ताडून बघा. तारखा जुळल्या म्हणून बिल खरं ठरत नाही: बदललेलं बिल प्रिंट टू पीडीएफनं नव्यानं काढलं की जुनी नोंद पुसली जाते आणि तारीख कोरी-करकरीत येते. पण मग बहुतेक वेळा प्रोड्युसर बदललेला दिसतो.

आरटीजीएसचे पैसे खाते क्रमांक आणि आयएफएससीवर जमा होतात, नावावर नाही. पैसे सोडण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं आरबीआयनं बँकांना सांगितलं होतं. आमच्या वेळी ती नव्हती, तुम्हाला आहे, वापरा. आणि खातं बदलल्याचं कळलं की सप्लायरला फोन लावा, तोही आपल्याकडच्या जुन्या नंबरावर. बिलावरचा नंबरही बदलता येतो.